एका अक्षराची पायरी

सीबीई आणि ओबीई या ब्रिटनच्या दोन सरकारी सन्मानांत फरक एका अक्षराचा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या माणसाला तो ऐकताक्षणी कळतो. आपल्याकडे बातमी येते तेव्हा दोन्हींचं मराठी 'ब्रिटनचा प्रतिष्ठेचा किताब' असं एकच होतं आणि सांगण्यासारखी गोष्ट तिथेच सांडून जाते. म्हणून आधी त्या अक्षराचीच गोष्ट सांगतो.

२०१९ च्या नववर्षाच्या सन्मानयादीत पॉला वेनेल्स यांना सीबीई जाहीर झाला. त्या २०१२ पासून ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसच्या मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या. पोस्टाची आणि धर्मादाय कामाची सेवा, असं कारण यादीत छापलं होतं. याच पोस्टात १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवली गेली आणि तिच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. ती तूट खरी मानून पोस्टमास्तरांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबांचे खटले भरले गेले. ९०० हून अधिक माणसं दोषी ठरली. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं घर विकलं गेलं, काहींनी जीव दिला. यातले कितीतरी जण भारतीय वंशाचे होते. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध-पाव विकता विकता पोस्टाची खिडकी चालवणारी साधी माणसं. बरेचसे खटले वेनेल्स यांच्या आधीचे, हे खरं. पण त्यांच्या काळातही पोस्ट ऑफिस 'प्रणाली भक्कम आहे' असंच सांगत राहिलं आणि आपल्याच पोस्टमास्तरांशी कोर्टात भांडत राहिलं.

ॲलन बेट्स हा वेल्समधल्या लँडुडनो या समुद्रकाठच्या गावातला असाच एक पोस्टमास्तर. संगणकाने दाखवलेली तूट त्याने मान्य केली नाही, म्हणून २००३ मध्ये त्याचं पोस्ट काढून घेतलं. त्यानंतर त्याने वीस वर्षं एकच काम केलं. एकेकट्या पडलेल्या पोस्टमास्तरांना शोधून काढलं, कारण त्यांतल्या प्रत्येकाला 'असं फक्त तुमच्याकडेच होतंय' असं सांगण्यात आलं होतं. त्यांना एकत्र आणलं. ५५५ जणांचा दावा हायकोर्टात नेला. डिसेंबर २०१९ मध्ये कोर्टाने प्रणालीत दोष असल्याचा निर्वाळा दिला. आणि २०२३ मध्ये या माणसाला सरकारने सन्मान देऊ केला, तो ओबीई.

सीबीईच्या खालची पायरी ओबीई. म्हणजे ज्यांच्या संस्थेने माणसांना तुरुंगात घातलं त्यांना वरची, आणि ज्याने त्या माणसांना सोडवलं त्याला खालची. बेट्स यांनी नकार दिला. वेनेल्स यांच्याकडे सीबीई असताना आपण ओबीई घेणं योग्य होणार नाही, असं त्यांनी कळवलं. जानेवारी २०२४ मध्ये बेट्स यांच्या लढ्यावरची टीव्ही मालिका लागली आणि वेनेल्स यांचा सीबीई काढून घ्यावा या मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, तेव्हा वेनेल्स यांनी सन्मान परत करत असल्याचं जाहीर केलं. सन्मान धारकाने नुसता परत करून सुटत नाही. तो राजाने रद्द करावा लागतो. फेब्रुवारीत तो रद्द झाला आणि जूनच्या यादीत बेट्स 'सर ॲलन' झाले.

शेवट गोड झाला म्हणून बहुतेकांनी हा विषय बंद केला. मला तो बंद करता येत नाही. २०१९ मध्ये कुणीतरी समितीत बसून वेनेल्स यांच्यापुढे 'सी' लिहिलं आणि २०२३ मध्ये कुणीतरी बेट्स यांच्यापुढे 'ओ' लिहिलं. दोन्ही वेळी नियम पाळूनच लिहिलं. चूक त्या समितीतल्या माणसांची असती तर माणसं बदलून भागलं असतं. चूक त्या शिडीत आहे. ब्रिटनने सन्मान द्यावेत, जरूर द्यावेत, पण त्यातल्या पायऱ्या काढून टाकाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही शिडी आली कुठून ते पाहू. ४ जून १९१७ रोजी, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, पाचव्या जॉर्जने 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' सुरू केली. ऑर्डर म्हणजे सन्मान मिळालेल्यांचं राजमान्य मंडळ. तोवरचे सन्मान मूठभरांचे होते. १३४८ च्या सुमाराची 'गार्टर' ही सर्वांत जुनी, राजघराण्याबाहेरच्या फक्त २४ जणांसाठी. १७२५ ची 'बाथ' सेनापतींसाठी आणि वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांसाठी. १८१८ ची 'सेंट मायकेल आणि सेंट जॉर्ज' परदेशखात्यातल्या लोकांसाठी. दारूगोळ्याच्या कारखान्यात बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या बायकांना, रुग्णवाहिका चालवणाऱ्यांना, शिधावाटप सांभाळणाऱ्यांना यांतलं काहीच मिळण्याची सोय नव्हती. नवी ऑर्डर त्यांच्यासाठी होती. बायकांसाठी दार मोकळं ठेवणारी ही पहिली मोठी ऑर्डर. कल्पना उदार होती यात शंका नाही.

पण उदार दार उघडताना आत पाच पायऱ्या बांधल्या गेल्या. सर्वांत वर जीबीई. मग पुरुषाला केबीई, बाईला डीबीई. या दोन पायऱ्यांवरच नावाआधी 'सर' किंवा 'डेम' लागतं. मग सीबीई (कमांडर), मग ओबीई (ऑफिसर), मग एमबीई (मेंबर). आणि या पाचांच्याही खाली, ऑर्डरचे सभासदही न मानलेल्या लोकांसाठी एक पदक, बीईएम. आज वर्षातून दोनदा, नववर्षाला आणि जूनमध्ये राजाच्या अधिकृत वाढदिवसाला, 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात हजार-बाराशे नावांची यादी लागते, आणि त्यातली फार मोठी संख्या या ऑर्डरच्या खालच्या पायऱ्यांवरची असते.

ब्रिटनमधल्या आमच्या गल्लीत एक बाई राहतात. ऐंशीच्या घरातल्या. चर्चच्या सभागृहात दर बुधवारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचं गरम जेवण वाढायचं काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. बटाटे सोलण्यापासून खुर्च्या उचलून ठेवण्यापर्यंत. त्यांना बीईएम मिळालं. एकदा मी चहाला गेलो असताना त्यांनी ओट्याशेजारच्या खणातून डबी काढून माझ्यासमोर ठेवली. आत रुपेरी गोल पदक, त्यावर बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनची प्रतीकमूर्ती, कडेने 'देवासाठी आणि साम्राज्यासाठी' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं. फीत गुलाबी, दोन्ही काठांना मोतिया करडी, आणि बायकांच्या पदकाला असते तशी फुलपाखरासारखी बांधलेली. फितीची एक घडी दुमडली होती, ती त्यांनी अंगठ्याने दाबून सरळ केली आणि म्हणाल्या, "सगळे पहिलं हेच विचारतात की राजा कसा दिसतो जवळून."

त्यांनी राजा पाहिलाच नाही. एमबीई आणि त्यावरच्यांना बकिंगहॅम, विंडसर किंवा होलीरूड राजवाड्यात बोलावतात. बीईएम मात्र जिल्ह्यातल्या जिल्ह्यात लॉर्ड-लेफ्टनंटच्या, म्हणजे राजाच्या तिथल्या प्रतिनिधीच्या, हातून मिळतं. नंतर राजवाड्याच्या बागेतल्या चहापानाचं आमंत्रण येतं, तिथे हजारो लोक असतात. बाईंना याची खंत नाही. लॉर्ड-लेफ्टनंट फार अगत्याने बोलले, असं त्या अजून सांगतात. खंत मला आहे. अठ्ठावीस वर्षं स्वतःच्या हाताने वाढणाऱ्या बाईला राजवाड्याच्या जिन्यापर्यंत न्यायचं नाही, आणि ज्याचं काम त्याच्या पगारातच आलं त्याला न्यायचं, हे ठरवणाऱ्याने कधी तरी तिच्यासमोर उभं राहून कारण सांगावं.

ही गोष्ट ब्रिटिशांना कळत नाही असं नाही. १९९३ मध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांनी बीईएम देणं बंदच केलं होतं. बीईएम आणि एमबीई यांतला भेद आता टिकवता येण्यासारखा नाही, हे तेव्हा उघड मान्य केलं गेलं. त्याच सुधारणेत लष्करातलाही एक जुना भेद गेला. तोवर एकाच चकमकीत एकाच प्रकारचं शौर्य गाजवलं तर अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस आणि जवानाला मिलिटरी मेडल मिळत असे. गोळी दोघांवर सारखीच येते, पदकं मात्र दोन. १९९३ नंतर क्रॉस सर्वांना खुला झाला आणि मेडल बंद झालं. लष्करात जे सुधारलं ते सुधारलेलंच राहिलं. नागरी बाजूला २०१२ मध्ये बीईएम पुन्हा सुरू झालं. स्थानिक पातळीवर राबणाऱ्यांना अधिक संख्येने गौरवता यावं, असं त्याचं कारण दिलं गेलं. अधिक लोकांना गौरवायचं तर एमबीईची संख्या वाढवता आली असती. एक पायरी खाली नव्याने बांधायचं कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

पायऱ्या नसलेला सन्मान कसा असतो, हे ब्रिटनला बाहेरून शिकायला नको. त्यांच्याकडेच तो १८५६ पासून आहे, आणि त्याचा एक धागा थेट रायगड आणि अहमदनगरपर्यंत येतो.

२९ जानेवारी १८५६ च्या फर्मानाने व्हिक्टोरिया राणीने व्हिक्टोरिया क्रॉस सुरू केला. हुद्दा, नोकरीची वर्षं, जखमा, यांतलं काहीही पाहायचं नाही, शत्रूसमोर दाखवलेलं असामान्य धैर्य एवढंच पाहायचं, अशी त्याची अट. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही अट क्रांतिकारक होती. कांस्याचा साधा क्रॉस, तो सरसेनापतीला मिळाला तरी तोच आणि शिपायाला मिळाला तरी तोच. नावानंतर लागणारी अक्षरं दोनच, व्ही. सी. आणि सन्मानांच्या क्रमात ती सर्वांत आधी लिहायची. गार्टरच्याही आधी. म्हणजे गावच्या शिपायाच्या नावापुढची व्ही. सी. ही अक्षरं ड्यूकच्या नावापुढच्या के. जी. या गार्टरच्या अक्षरांना मागे सारतात.

यातही एक पायरी होती आणि ती लपवून चालणार नाही. ती रंगाची होती. हिंदी फौजेतल्या देशी सैनिकांना हा क्रॉस खुला झाला तो थेट १९११ मध्ये. ५५ वर्षं त्यांचं धैर्य वेगळ्या पदकाने मोजलं जात होतं. ती पायरी काढल्यावर काय झालं ते पाहा.

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन पुढे जात होते. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडगे सोडून तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, टॉमीगनने एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून संपवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय अवघं बावीस. गाव पळसगाव, आजच्या रायगड जिल्ह्यात. माणगावात त्यांचा पुतळा आहे. दुसरे नामदेव जाधव, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, हुद्दा शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, सुरुंगांतून पाठीवर वाहून आणलं आणि मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी एकट्याने बंद पाडली. हाताला गोळी लागल्याने टॉमीगन चालेना, तर हातबॉम्बवर भागवलं. शेवटी काठावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा दिली.

नाईक आणि शिपाई. फौजेतल्या शिडीवर खालच्या पायऱ्यांवरची माणसं. पायऱ्यांची पद्धत इथे लावली असती तर त्यांना कुठलं अक्षर मिळालं असतं? नाईकाच्या कामाचा 'परिणाम' म्हटलं तर एका टेकडीवरच्या एका मशीनगनपुरता. महायुद्धाच्या नकाशावर तो ठिपकाही नाही. तरीही सर्वोच्च अक्षरं त्यांची, कारण तिथे कुणी परिणाम किती मैलांवर पोचला ते मोजलं नाही. केलं काय, तेवढंच पाहिलं.

नागरी सन्मानात नेमकं उलटं आहे. सरकारी निकष असे: सीबीई राष्ट्रीय पातळीवरच्या ठळक कामगिरीला, किंवा प्रांतपातळीवरच्या नेतृत्वाला. ओबीई एखाद्या क्षेत्रातल्या मोठ्या स्थानिक भूमिकेला, आणि त्यातून ज्याची ख्याती देशपातळीवर पोचली आहे अशालाही. एमबीई आपल्या समाजासाठी केलेल्या उत्कृष्ट सेवेला. बीईएम प्रत्यक्ष हाताने केलेल्या स्थानिक सेवेला. हे वाचून कुणालाही वाजवीच वाटेल. शिडीच्या बाजूने बोलणारे हेच म्हणतात, की सगळ्यांना एकच अक्षर दिलं तर देशभर लस पोचवणारा शास्त्रज्ञ आणि गल्लीत खिचडी वाढणारा स्वयंसेवक एकाच मापात येतील, आणि मग शास्त्रज्ञाचं मोल काय राहिलं?

हा मुद्दा हलका नाही, म्हणून थोडं थांबतो. लस शोधणाऱ्याचं काम लाखोंपर्यंत पोचतं हे खरंच. पण निकष 'किती दूर पोचलं' हा धरला की तो शास्त्रज्ञापेक्षा जास्त वेळा खुर्चीला लागू पडतो. मोठ्या संस्थेचा मुख्य अधिकारी सकाळी कार्यालयात येऊन बसला की त्याचं काम आपोआप राष्ट्रीय पातळीवरचं होतं. त्याने चांगलं केलं की वाईट, हा प्रश्न नंतरचा. खिडकीवर बसणाऱ्या पोस्टमास्तराने जिवाचं रान केलं तरी ते स्थानिकच राहतं. वेनेल्स यांना सी आणि बेट्स यांना ओ मिळालं ते याच मापाने. बेट्स यांची भूमिका राष्ट्रीय होती हे समितीला दिसायला एक टीव्ही मालिका आणि दहा लाख सह्या लागल्या. ज्या मापाला डोळ्यांसमोरचं दिसायला एवढं लागतं, त्या मापात बिघाड आहे.

आणि शास्त्रज्ञाचं म्हणाल, तर त्याच्या कामाची उंची दाखवायला त्याच्याकडे स्वतःची अक्षरं आहेत. रॉयल सोसायटीचा सभासद असेल तर एफआरएस. ती त्याच्या बरोबरीच्यांनी, त्याचे निबंध वाचून दिलेली असतात. नावानंतरची अक्षरं दोन जातीची असतात हे आपल्याकडे फारसं लक्षात घेतलं जात नाही. एक जात कमावलेली: पीएच. डी., एफआरसीएस, बॅरिस्टर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावानंतर एम. ए., पीएच. डी., डी. एस्सी., बार ॲट लॉ ही अक्षरं आपण अभिमानाने लिहितो, कारण त्यांतल्या एकेका अक्षरामागे कोलंबियातल्या आणि लंडनमधल्या ग्रंथालयातले दिवस आहेत. दुसरी जात बहाल केलेली. बहाल केलेल्या अक्षरांनी कमावलेल्या अक्षरांसारखं मोजमाप करायला जाऊ नये. देश म्हणून आम्ही तुमचे ऋणी आहोत, एवढंच त्यांनी म्हणावं, आणि ते म्हणायला एक अक्षरसमूह पुरतो.

'सर'बद्दल थोडं, कारण त्यात आपल्याकडे कायम गोंधळ होतो. 'सर' नावाआधी लागतं आणि ते पहिल्या नावाला चिकटतं. सर ॲलन म्हणायचं, सर बेट्स नाही. पत्नी 'लेडी' होते, पण डेमच्या नवऱ्याला काही मिळत नाही. हा अन्याय आजही तसाच आहे. परदेशी नागरिकाला सन्मान मिळाला तर तो मानद असतो, अक्षरं लावता येतात, 'सर' लावता येत नाही. टाटांचं उदाहरण घ्या. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा १९१६ मध्ये खरेखुरे 'सर' झाले, आणि सर रतन टाटा ट्रस्ट त्यांच्या नावाचा. २०२४ मध्ये गेलेले रतन टाटा वेगळे. त्यांना २००९ मध्ये मानद केबीई आणि २०१४ मध्ये मानद जीबीई मिळाला. जीबीई म्हणजे शिडीचं वरचं टोक, तरी ते 'सर' नव्हते, होऊ शकत नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी मराठी श्रद्धांजल्यांत ते 'सर' झाले. त्यातलं काही प्रेमाने म्हटलेलं, आपण शिक्षकाला म्हणतो तसं. काही मात्र समजुतीचा घोटाळा.

आणि 'साम्राज्य' या शब्दाचं काय? ब्रिटनमध्ये वाद बहुतेक वेळा यावरच होतो. कवी बेंजामिन झेफानिया यांनी २००३ मध्ये ओबीई जाहीरपणे नाकारला तो त्यातल्या 'एम्पायर' या शब्दासाठी, ज्या शब्दाने त्यांच्या पूर्वजांची गुलामगिरी आठवते. २००४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने 'एम्पायर'च्या जागी 'एक्सलन्स' करावं, 'सर' आणि 'डेम' हळूहळू बंद करावेत, अशी शिफारस केली. अक्षरं तीच राहिली असती, अर्थ बदलला असता. सरकारने ती मानली नाही. मी या शिफारशीच्या पूर्ण बाजूने आहे. ज्या देशावर राज्य केलं त्या देशातून आलेल्या परिचारिकेच्या छातीवर 'साम्राज्यासाठी' हे शब्द टाचायचे, यात औचित्य नाही. पण मला भीती वाटते की हा शब्द एक दिवस बदलेल, सगळे सुटकेचा श्वास टाकतील, आणि शिडी तशीच उभी राहील. 'ई'चा अर्थ बदलणं सोपं आहे. त्याच्या आधीचे सी, ओ, एम काढणं अवघड, कारण त्याने रोजच्या जगण्यातला मान कमी-जास्त होतो.

साम्राज्याने ही शिडी आपल्याकडेही आणली होती. १८६१ ची 'स्टार ऑफ इंडिया' आणि १८७८ ची 'इंडियन एम्पायर', या दोन ऑर्डरी खास हिंदुस्थानासाठी होत्या. प्रत्येकीत तीन पायऱ्या. सर्वांत वरच्या पायरीला इंग्लंडात 'ग्रँड क्रॉस' म्हणत, इथे हिंदू-मुसलमान राजांना क्रॉस कसा द्यायचा म्हणून 'ग्रँड कमांडर' केलं, एवढी काळजी घेतली गेली. पण पायरी ठरली ती गादीवरून. कोल्हापूरचे शाहू महाराज आणि बडोद्याचे सयाजीराव वरच्या पायरीवर, जीसीएसआय. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले खालच्या पायरीवर, सीआयई. शाहू महाराजांचं आणि सयाजीरावांचं काम कुणाहून कमी नव्हतं, त्यांना तो मान शोभलाच. पण इंग्रजांनी तो त्यांच्या वसतिगृहांसाठी किंवा सक्तीच्या शिक्षणासाठी दिला नव्हता. ते संस्थानिक होते म्हणून दिला होता. त्यांच्याजागी ज्याने काहीच केलं नाही असा राजा असता तरी पायरी तीच मिळाली असती.

गोखल्यांना १९१४ मध्ये वरची पायरी देऊ केली, केसीआयई. घेतली असती तर ते 'सर गोपाळ' झाले असते. त्यांनी ती नाकारली. आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत त्यांच्याबरोबरची माणसं गरिबीची शपथ घेऊन काम करत होती, आणि त्यांच्या म्होरक्याला त्यांच्याहून एक पायरी उंच उभं राहायचं नव्हतं, असं मला त्यात दिसतं. रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर 'सर'पण सोडलं ते आपल्याला पाठ आहे. गोखल्यांचा नकार पाठ नाही. आजच्या या विषयात मला तो जास्त मोलाचा वाटतो, कारण तो संतापातून आलेला नव्हता.

स्वतंत्र भारताने कलम १८ ने किताब बंद केले. पद्म सन्मान १९५४ मध्ये आले, १९७७ मध्ये बंद पडले, १९८० मध्ये परत आले. ते किताब नाहीत, नावाआधी किंवा नावानंतर लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं. तरी आपल्या गावोगावच्या फ्लेक्सवर नावाआधी 'पद्मश्री' लागतंच. आणि पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण या पायऱ्या आपणही ठेवल्याच आहेत. ब्रिटनबद्दल जे लिहिलं तेच मी त्यांच्याबद्दलही म्हणेन.

गेल्या महिन्यात मी स्वतः एक शिफारस भरली. ब्रिटनमध्ये ती कुणालाही भरता येते. ज्याच्यासाठी भरायची त्याला सांगायचं नसतं. त्याला ओळखणाऱ्या दोघांची पत्रं जोडायची असतात, आणि निकालाला वर्ष-दीड वर्ष लागतं. माझा उमेदवार एक निवृत्त बसचालक. आमच्या भागातल्या डायलिसिसच्या रुग्णांना तो स्वतःच्या गाडीतून रुग्णालयात नेतो आणि चार तासांनी परत आणतो. आठवड्यातून सहा दिवस, बर्फ पडला तरी. पेट्रोलचे पैसे घेत नाही. रुग्णवाहिकेची वाट पाहत दोन दोन तास थंडीत बसणारी म्हातारी माणसं त्याच्यामुळे वेळेवर घरी येऊन जेवतात.

कुठला सन्मान हवा ते शिफारस करणाऱ्याला लिहिता येत नाही. अक्षर समितीच ठरवते. त्या माणसाच्या कामाने काय फरक पडला, कुणाला पडला, हे मात्र नीट लिहावं लागतं. मी रुग्णांची संख्या लिहिली, अकरा. त्यांतले दोघं आता नाहीत, तेही लिहिलं. मग हे काम किती दूरवर पोचतं ते लिहायला बसलो आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. रुग्णालय आमच्यापासून साडेचार मैलांवर आहे. तेवढंच लिहिलं.